जेवतेस का गं?

आई, तू जाऊन वीस वर्षं झाली, पण आजची गोष्ट तुला सांगितल्यावाचून राहवेना. भरदुपारी दारात मोळीवाली आली आणि माझ्या नव्या सुनेनं चकार शब्द न काढता तिच्यापुढे पान वाढलं! अगं, तिला मी हे कधी सांगितलं नव्हतं. माझं बघून शिकली असेल, मी तुझं बघून शिकले तशी.

आपल्या कळंबच्या घरी डोंगरावरच्या आदिवासी वाडीतून मोळी घालायला येणारी ठाकरीण आठवते ना? तिला ओट्यावर बसवून तू रोज विचारायचीस, "जेवतेस का गं?" ती म्हणायची, "नाय." एकदा शेजारणींसमोर तू बोलून गेलीस, "केवढा ताठा!" ती उठली, आणि परत फिरकलीच नाही. तोंडानं तू म्हणायचीस, "गेली तर गेली," पण डोळे तुझे पायवाटेकडेच. मला ते बघवेना. करवंदांचं निमित्त काढून मी थेट तिची वाडी गाठली. मी टेकते न टेकते तोच तिनं पळसाच्या पानावर नाचणीची भाकरी ठेवली. म्हटलं, "अगं, विचारलं तरी नाहीस!" तर ती खो खो हसते. "भूक काय इचारायची असती व्हय गं? ज्याला वाढायचं नाय त्यो इचारतो."

आई, मी उडालेच! तुझी रीतभात म्हणजे तिच्या घरची नकारघंटा, आणि तिचा भिडस्तपणा म्हणजे तुझ्या लेखी ताठा. दोघीही भल्या, आणि दोघी एकमेकींवर रुसलेल्या. "उद्या ये, माझ्यासाठी ये," असं तिला विनवून मी उतारावरून पळत सुटले आणि धापा टाकत तुला सगळं सांगितलं. म्हणजे, त्यांच्याकडे पाहुण्याला कसं वाढतात ते बघून आले, एवढंच सांगितलं. "आता त्या शिकवणार का आम्हाला?" म्हणून तू फणकारलीस. पण दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा तू मुकाट्यानं तिच्यापुढे भात वाढलास आणि आत निघून गेलीस. थोड्या वेळानं ओट्यावरून हाक आली, "आनखी भात हाय का गं?" तू तोंडाला पदर लावून हसत होतीस, आणि मला नाचावंसं वाटत होतं.

हे पत्र मी कुठं धाडणार? घडी घालून पेटीत ठेवते. पण त्या दिवशी माझे पाय धुताना तू विचारलं होतंस, "तिथं काही खाल्लं नाहीस ना?" आणि मी नाही म्हणाले होते.

खाल्लं होतं, आई. अडीच भाकऱ्या.