गेणभाऊंचा फेटा सीडीत का कापला गेला

मु. पो. डिंगोरे, ता. जुन्नर
मे २००६

तीर्थस्वरूप गेणभाऊ यांना रखमाजीचा दंडवत.

इकडे सर्व ठीक आहे असे लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावता ना? माझी झोप उडाली आहे. तुमची बहीण साळुबाई तब्येतीने उत्तम आहे, फक्त माझ्याशी बोलत नाही. भाकरी झाली हे ती गाईला सांगते आणि मी ते ऐकून जेवायला बसतो. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, चुकलेमाकले सांभाळून घ्या. पण लग्नाची पहिली सीडी तुमच्या कळंबलाही पोचली आहे, म्हणून दुसऱ्या कोणी तुमच्या कानावर घालण्याआधी मीच लिहितो.

आमच्या नातीच्या, तेजस्विनीच्या साखरपुड्यात सगळ्या मानकऱ्यांना फेटे बांधले आणि तुमची पाळी यायच्या आत फेटेवाला शेवटची एसटी धरायला निघून गेला, यात माझा काय दोष? पण तुम्ही रुसलात, लग्नाला आला नाहीत, आणि सख्खा भाऊ मांडवात नाही म्हणून साळुबाईने माझ्याशी बोलणे टाकले. मला वाटले, निदान लग्नाच्या सीडीत तरी तिला भाऊ दिसावा. जुन्नरचे महंमद हनीफ (आपले शूटिंगवाले, माणूस सज्जन, पण फार हौशी) कॉम्प्युटरवर साधा फोटो हलवून दाखवतात. मागे एका घरचे वारलेले आजोबा त्यांनी असेच हलवले होते. मी म्हणालो, आमचे पावणे जिवंत आहेत. ते म्हणाले, "मग तर बिनघोर हलवू."

आमच्या पुतण्याच्या, ऋषीच्या लग्नातला तुमचा गुलाबी फेट्यातला फोटो मी शोधून काढला. शेजारी वारूळवाडीचे हौशीराम उभे होते (ज्यांच्याशी तुमचा बांधावरून वाद आहे), म्हणून त्यांना कात्रीने कापून टाकले. हात बसलाच होता, तेव्हा वरची नि बाजूची रिकामी भिंतही फेट्याला लागून छाटली. नीटनेटकेपणाची मला लहानपणापासून खोड, तिनेच घात केला.

हनीफभाईंनी तुम्हाला कमरेतून असे वाकवले की तुम्ही तेजस्विनीच्या डोक्यावर अक्षता टाकता आहात. अंगणात टीव्ही मांडला, आळी जमली. तुम्ही आलात. वाकलात. आणि वाकता वाकता आधी तुरा गेला, मग फेटा, मग निम्मे कपाळ, विळ्याने कापावे तसे सरळ. उभे राहिलात की फेटा परत डोक्यावर! असे तीनदा. शेजारची भागू ओरडली, "अगं बया, गेणभाऊंचा फेटा कुनी नेला?" त्यावर तुमची बहीण इतक्या दिवसांनी बोलली. "साकरपुड्यात बांधला न्हाई, आन आता बांधलेला बी काढला." एवढे बोलून पुन्हा गाईकडे गेली.

सकाळी पहिल्या गाडीने जुन्नर गाठले. हनीफभाई म्हणाले, फोटोभोवती न दिसणारी चौकट असते, वाकताना जे तिच्याबाहेर जाईल ते कापले जाते. त्यांनी आधी फोटो लहान केला, तर चौकटही लहान झाली. मग तुम्हाला कमी वाकवले, तेव्हा तुम्ही मांडवात हरवलेली चप्पल शोधताय असे दिसू लागले. शेवटी त्यांना तोड सापडली. फोटो कॉम्प्युटरमधल्याच एका मोठ्या, कोऱ्या, आरपार दिसणाऱ्या कागदावर ठेवायचा आणि नुसत्या फोटोऐवजी तो अख्खा कागदच वाकवायचा. मला ते शेतावरून उमगले. आपला ऊस बांधापलीकडे कलला की शेजारी छाटतो, तेव्हा तो कलायच्या आधीच भोवतीचे पडीक आपल्या नावावर करून घ्यावे. (हौशीरामला कापताना ही अक्कल असती, तर ती भिंत मी जपून ठेवली असती.)

फेटा आला, तुऱ्यासकट आला. मी हनीफभाईंना मिठी मारली. पण गेणभाऊ, माझे नशीबच फुटके. मोकळी जागा मिळाल्यावर तुम्ही थांबेनात! मोठ्या कागदाला बाकही मोठा पडला. तेजस्विनीला ओलांडून तुम्ही पुढे गेलात आणि खुर्चीवर बसलेल्या तिच्या सासऱ्यांच्या थेट पायांवर फेटा टेकवलात. तोही तीनदा. मुलीकडच्या वडीलधाऱ्याने भर मांडवात व्याह्याच्या पायावर फेटा ठेवावा, त्यापेक्षा तो कापलेला बरा होता. हनीफभाई म्हणतात, बाक कमी करतो. पण माझा आता कशावर विश्वास उरलेला नाही.

राग मानू नये. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

आपला,
रखमाजी

ता. क. कोणी सीडी घेऊन आले तर लाइट नाही म्हणून सांगा.

ता. क. दुसरे. खरे म्हणजे सीडी मरू द्या, तुम्हीच या. रविवारी तेजस्विनी माहेरी येणार आहे. गुलाबी फेट्याचे कापड आणले आहे. फेटेवाल्याची भानगड नको म्हणून मी स्वतः रोज रांजणावर बांधून शिकतो आहे. काल साळुबाई तिथून जाताना म्हणाली, "पीळ उलटा पडला." गाईलाच म्हणाली असेल, पण गाय तेव्हा चरायला गेली होती.

ता. क. तिसरे. तुम्ही उंच आहात हे ध्यानात आहे. तरी बांधून घेताना वाकू नका. मी दोन पाट एकावर एक ठेवून उभा राहीन.