अक्कांचे उपवास

प्रिय अक्का,

तुम्हाला जाऊन पाच वर्षं झाली आणि मी आज पहिल्यांदाच तुम्हाला पत्र लिहिते आहे. कारण अप्पा. काल दुपारी ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका येऊन गेला, तेव्हापासून त्यांचा उजवा हात नीट चालत नाही, म्हणून त्यांची नखं मीच कापते. मांडीवर कन्नड साप्ताहिक उघडं होतं. त्यात शेवटच्या पानावर एक डॉक्टरीणबाई बायकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. कसले कसले प्रश्न असतात, अक्का! तुमच्या वेळी ते पान कुणी घरात येऊ दिलं नसतं.

वाचता वाचता अप्पा थांबले. "शैला, यात लिहिलंय, नवऱ्यानं बायकोची इच्छा विचारायला पाहिजे म्हणून. आम्हाला असं कुणी सांगितलंच नाही की."

मी अंगठ्याचं नख कापत राहिले.

थोड्या वेळानं म्हणाले, "तिचं माझ्याशी काही बिनसलं होतं काय गं? तुला काही बोलली होती?"

"नाही हो अप्पा. अक्कांचा ओढा देवाकडं होता, एवढंच."

"हां. ते खरं," म्हणाले आणि त्यांनी दुसरा हात पुढे केला.

किती सहज खोटं बोलले मी! तेव्हापासून घास गिळवत नाही. सांगायचं कुणाला? या गोष्टीतलं सगळं ठाऊक असलेल्या आपण दोघीच होतो, आणि त्यातल्या तुम्ही तर गेलात.

मी बेळगावहून या घरी लग्न होऊन आले तेव्हा मला तुमच्या नावाची फार गंमत वाटायची. कमरीपेठेतले बाबूमामा तुमचे धाकटे भाऊ, ते अक्का म्हणायचे, ते ऐकून ऐकून मुलंही अक्काच म्हणायला लागली, आणि मग सूनही. सासूला अक्का म्हणते म्हणून माझी आई हसायची. पण 'आई' या हाकेपेक्षा ते नाव तुम्हाला शोभायचं. चिंच कोळताना, गहू निवडताना तुम्ही माझ्याशी बोलायचात ते थोरल्या बहिणीसारखंच.

नवनगरचं घर तेव्हा केवढं? हॉल, आतली खोली, स्वयंपाकघर, आणि आमच्या लग्नासाठी म्हणून पुढे काढलेली एक छोटी खोली. तिचं दार हॉलमध्येच उघडायचं. कडी लावली की सगळ्या घराला ऐकू जायची. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यात त्या कडीचाही वाटा आहे.

अठ्ठ्याण्णव साली तुमचं पिशवीचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, तीन महिने जड उचलायचं नाही आणि वेगळं झोपायचं. हॉलमध्ये खिडकीपाशी तुमची गादी पडली. तीन महिने! त्या तीन महिन्यांत तुम्ही किती बदललात ते तुम्हाला तरी कळलं होतं का? एरवी हाताला लागेल ते खाऊन उठणाऱ्या तुम्ही, भरल्या वांग्यांची एणगाई केली की तिसरी भाकरी मागून घ्यायला लागलात. सकाळी सहापर्यंत झोपायला लागलात. रेवा तेव्हा तीन वर्षांची. तिची वेणी घालताना कन्नडमधलं कुठलंसं लहानपणीचं गाणं गुणगुणायचात, आणि मी आलेली दिसली की गप्प व्हायचात. मला वाटायचं, दुखणं गेलं म्हणून बरं वाटतंय. तेवढीच अक्कल होती मला.

तीन महिने संपले त्या आठवड्यात अप्पा चहा पिता पिता म्हणाले, "आता हिची गादी आत घाला. हॉलमध्ये वारा लागतोय."

तुम्ही कप खाली ठेवलात. "मी इथंच बरी आहे. ह्यापुढं मला वेगळंच झोपायचंय."

आवाज चढलेला नव्हता. भाजी काय करायची ते सांगावं तसं बोललात. पण तुमचा मुलगा लालेलाल झाला आणि अर्धा चहा टाकून, स्कूटर काढून बाहेर निघून गेला. अप्पा हसले. "बघा, ऑपरेशन पोटाचं झालं आणि परिणाम डोक्यावर."

पुढच्या रविवारी गदगहून नणंदबाई विजूताई आल्या, कमरीपेठेतून दुकान बंद करून बाबूमामा आले. एवढी माणसं जमली ती कशासाठी, तर एका बाईनं कुठं झोपायचं ते ठरवायला! मी तेव्हा हा विचार केला नाही. मी पोहे करत होते.

विजूताई म्हणाल्या, या वयात असं होतं, गोळ्या मिळतात. बाबूमामा तर रागावलेच. "एन अक्का इदु! मोम्मक्कळु बंदाव निनग!" नातवंडं आली तुला, आणि हे काय काढलंयस, असं. तुम्ही त्यांच्याकडं बघून म्हणालात, "नातवंडं आली म्हणूनच म्हणतेय, बाबू. आता तरी." त्यावर सगळ्यांनी पोहे खाल्ले. जाताना विजूताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "वहिनी, तू समजाव. तुझं ऐकते ती."

दुसऱ्या दिवशी गच्चीवर आपण संडगे घालत होतो. मी समजवायचं म्हणून तोंड उघडलं, पण तुम्हीच बोलायला लागलात. हात पिठात, नजर खाली.

"एकोणिसाव्या वर्षी आले मी. तेहतीस वर्षं झाली. वाईट माणूस नाहीत ते. हात उगारला नाही कधी, धारवाडच्या ऑफिसातून येताना पेढा आणल्याशिवाय सणाला घरात आले नाहीत. पण मला कधी विचारलं नाही, शैला. ताप असला तरी नाही, बाळंतपणाला चाळीस दिवस झाले की एक्केचाळिसाव्या दिवशी नाही. मी आपली मनातल्या मनात स्टेशनं म्हणायची. धारवाड, मुगद, कंबारगणवी, अळणावर, लोंढा... माहेर खानापूरचं ना माझं. पण खानापूरपर्यंत कधी जावं लागलं नाही. लोंढ्याच्या आतच संपायचं."

आणि तुम्ही हसलात! मला हसू येईना, रडू येईना. कानाच्या पाळ्या तापल्या. सासूनं सुनेला असं सांगायचं असतं का? मी काय बोलले ते तुम्हाला आठवत असेल. मी म्हटलं, "अक्का, आता इतकी वर्षं काढलीत. लोक काय म्हणतील?"

तुम्ही पुन्हा खाली मान घालून संडगे तोडायला लागलात. बाकीचे सगळे एका आकाराचे झाले, शेवटची ओळ मात्र वेडीवाकडी.

आता खरं सांगते. लोकांचं मला फारसं पडलेलं नव्हतं. मला आमच्या खोलीचं पडलं होतं. मी अठ्ठावीस वर्षांची होते, अक्का. तुमचा मुलगा मला आवडत होता. तुम्ही हॉलमध्ये झोपायला लागल्यापासून ती कडी लावायची मला चोरी झाली होती. तीन महिने आम्ही दोघं एकमेकांशी कुजबुजतसुद्धा नव्हतो. तुम्हाला जे नको होतं तेच मला हवं होतं, आणि घर एवढंच. तुम्हाला स्वयंपाकघरात झोपायला जागा होती की! पण तुम्ही ते सुचवलंत तेव्हा मी म्हटलं, रेवाला दूध गरम करून द्यायला मला उठावं लागतं, तुमची झोपमोड होईल. रेवानं रात्रीचं दूध सोडून वर्ष झालं होतं.

आणि त्याच संध्याकाळी तुम्ही देवळात गेल्यावर तुमची गादी मी उचलली. मी. कुणी सांगितलं नव्हतं. आतल्या खोलीत पूर्वीच्या जागी नेऊन घातली, वर धुतलेली चादर घातली. तुम्ही परत आलात, हॉलमधली रिकामी फरशी बघितलीत आणि माझ्याकडं न बघता कुंकवाची पुडी देव्हाऱ्यात ठेवायला गेलात. एक शब्द बोलला असतात तर! एकदा तरी रागावायचं होतंत माझ्यावर!

त्यानंतर उपवास सुरू झाले.

आधी सोमवार. मग गुरुवार. मग शनिवार आला, एकादशी, संकष्टी, प्रदोष. अप्पा देवभोळे. व्रताच्या दिवशी सोवळं पाळायचं, बायकोपासून लांब राहायचं, हे त्यांनी आयुष्यात मोडलं नाही. कुरकुरायचे तेवढे. "काय हे, आठवडाभर उपवासच!" पण पाळायचे. बायकोचा नकार त्यांना ऐकू आला नव्हता, देवाचा ऐकू यायचा. मला हे समजायला दीड वर्ष लागलं. साबुदाणा भिजवता भिजवता एके दिवशी हात थांबला. या घरात आधी कुणी शनिवार धरला नव्हता. तुम्हाला तर उपवासाचं पित्त व्हायचं!

मी विचारलं नाही. काय विचारणार होते? गादी उचलणारी मीच.

एकदा फक्त तुमच्या बाजूनं उभी राहिले, तीही चोरून. बुधवार होता, कुठलंच व्रत नव्हतं. तुमचं डोकं सकाळपासून दुखत होतं. अप्पा तुम्हाला काहीतरी चेष्टेनं बोलत आत गेले आणि मी मागून म्हटलं, "अप्पा, अक्कांनी रेवाच्या तापासाठी नवस बोललाय. पाच बुधवार." रेवाला ताप नव्हता. तुम्ही वळून माझ्याकडं बघितलंत. मग माठातलं पाणी पेल्यात घेऊन मला दिलंत, मला तहान लागलेली नसताना. मी ते पूर्ण प्याले.

एवढंच. पाच वर्षांत माझ्याकडून एवढंच झालं.

तुम्ही वाळत गेलात. डॉक्टर म्हणाले अंगात रक्त कमी आहे, उपवास सोडा. आम्ही सगळे तुम्हाला ओरडायचो. "कशाला एवढं देवदेव?" विजूताई फोनवर रडायच्या. मीही ओरडले आहे तुम्हाला, सगळं कळत असताना! ताटात चमचाभर भात वाढून तुमच्यापुढे ठेवला आहे आणि तुम्ही तो हातानं बाजूला सारताना बघितला आहे. तेव्हा मी म्हणू शकले असते, अक्का, खा, गादी मी माझ्या हातानं बाहेर आणते, बघू कोण काय बोलतंय. नाही म्हटलं. मग त्या श्रावणात कावीळ झाली आणि तुमच्या अंगात तिच्याशी झगडायला काही उरलंच नव्हतं. अकरा दिवसांत संपलं. भेटायला आलेल्या बायका म्हणत होत्या, पुण्यवान बाई, श्रावणात गेली, व्रतात गेली.

अक्का, इथवर आज सकाळी लिहून झालं होतं. तेवढ्यात अप्पांनी हाक मारली. मी कागद पिठाच्या डब्याखाली सरकवून बाहेर गेले.

ते म्हणाले, "काल तू फार लगेच उत्तर दिलंस. नीट आठवून सांग की. काहीच बोलली नव्हती?"

मी उंबऱ्यातच खाली बसले. "बोलल्या होत्या, अप्पा."

"काय?"

"त्यांना तुमच्या खोलीत झोपायचं नव्हतं. तुम्ही त्यांना कधी विचारलं नाही, म्हणाल्या."

"मग मला सांगायचं की तिनं! मी काय राक्षस होतो?"

"सांगितलं होतं. तुम्हालाच. चहाच्या वेळी. मग रविवारी सगळ्यांसमोर पुन्हा."

अप्पांनी फाटकाकडं तोंड फिरवलं. रस्त्यावरून भाजीवाली ओरडत गेली, तिला मी थांबवलं नाही. शेवटी म्हणाले, "होय. सांगितलं होतं." मग डावा हात उचलून तोंडावरून फिरवला. "आणि ते उपवास?"

मी मान खाली घातली. त्यांना कळलं.

"आता मी काय करू, शैला?"

काय सांगू मी त्यांना? तुम्ही असता तर काय सांगितलं असतंत? दुपारी ते जेवले नाहीत. आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडलेत. दोनदा बोलावलं, "असू दे" म्हणाले. एका हातानं जेवणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला हे सांगून मी कुणाचं भलं केलं? तुमच्यासाठी बोलले, की माझ्या छातीवरचं ओझं त्यांच्या छातीवर नेऊन ठेवलं? मला खरंच कळत नाही. बोलले नव्हते तेव्हा तुमच्यापुढं तोंड नव्हतं, आता बोलले तर त्यांच्यापुढं नाही.

पण अर्धंच सांगितलं आहे मी. तुम्ही मला आधी सांगितलं होतंत आणि तरी गादी मीच आत नेली, हे त्यांना अजून ठाऊक नाही. तुमच्या मुलालाही नाही. सगळा दोष आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडला आहे आणि मी इथं स्वयंपाकघरात बसून पत्र लिहिते आहे, हे बरोबर नाही ना?

आज संध्याकाळी हे ऑफिसातून आले की, त्यांनी बूट काढायच्या आधी, अप्पांच्या समोर मी माझं नाव सांगणार आहे. रेवा घरात असेल. तेरा वर्षांची आहे आता. तिला बाहेर खेळायला पाठवणार नाही.

हा तुम्हाला दिलेला शब्द आहे, अक्का. पाळेपर्यंत माझ्यावर विश्वास ठेवू नका.

तुमची सून,
शैला