टोकियो, बँकॉक आणि तिसरा मजला

२ मार्च, रविवार

आजपासून रोज लिहिणार. ठाम माणसं रोजनिशी लिहितात. खरं तर कॉलेज सोडलं तेव्हाच सुरुवात करायची होती, पण तेव्हा रागात होतो. रागात अक्षर खराब येतं.

ताईचा फोन. आईबाबांच्या लग्नाला तीस वर्षं होतायत, म्हणून ती आणि भाऊजी दोघांना आठवडाभर परदेशी पाठवणार. शहर एकच. आईला बँकॉक हवंय, बाबांना टोकियो. आई शाळांचे गणवेश शिवते, तिला तिथला कापडबाजार पाहायचाय. बाबा लिफ्टचे मेकॅनिक, त्यांना तिथल्या लिफ्ट पाहायच्यात. ताई म्हणाली, दोघंही माघार घेणाऱ्यातले नाहीत, तूच चौकशी करून काय ते ठरव, नाहीतरी तू रिकामाच असतोस. 'रिकामा' ऐकल्यावर फोन कट केला. मी रिकामा नाही. बाबांची हत्यारांची पिशवी कोण उचलतं?

मग पुन्हा फोन लावून हो म्हटलं. दोन दिवसांत निकाल लावतो.

३ मार्च, सोमवार

जिची लिफ्ट बाबा बघतात त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ट्रॅव्हल ऑफिस आहे. बाबा वर मशीनरूममध्ये ग्रीस लावत होते, मी खाली सटकलो.

आत शिरल्यावर पहिलंच टेबल. त्यावर पाटी: चौकशी. पाटीमागे ती.

पानं उलटायला बोटात लाल रबरी टोपी घालते. ती टोपी घातलेलं बोट नकाशातल्या बँकॉकच्या नदीवरून फिरत होतं तेव्हा माझं आयुष्य ठरलं. शहर नाही ठरलं. आयुष्य.

तिचं नाव विचारलं नाही. घाई करणाऱ्यातला मी नाही. तूर्तास चौकशी म्हणेन.

दोन दिवसांत निकाल, हा बेत रद्द. एवढा मोठा निर्णय उतावीळपणे घेऊ नये.

४ मार्च, मंगळवार

पुन्हा गेलो. टोकियोची माहिती राहिली होती. या ऑफिसची पद्धत कळली. गिऱ्हाईक विचारत असतं तोवर ते चौकशीचं. एकदा नक्की केलं की फाईल आतल्या केबिनमध्ये, टायवाल्याकडे. मग पासपोर्ट, व्हिसा, विमा सगळं त्याच्याशी बोलायचं. चौकशीच्या टेबलाशी पुन्हा काम नाही.

टायवाला हा माणूस मला आवडलेला नाही. केबिनच्या काचेतून उगाच बाहेर बघत असतो. टायही गाठ न मारता अडकवायचा, तयार मिळतो तसला.

म्हणजे साधं आहे. जोवर ठरत नाही तोवर मी तिचा. ठरलं की टायवाल्याचा.

ठरवलं: ठरू द्यायचं नाही.

६ मार्च, गुरुवार

अडचण. रात्री जेवताना बाबा अचानक म्हणाले, जाऊ दे, हिची हौस आहे तर बँकॉक करू. नंतर आई भांडी आवरत असताना मी बाबांना सहज म्हटलं की आई तुमच्या टोकियोला हसते, लिफ्ट बघायला कोणी विमानाने जातं का म्हणते. (आई असं म्हणालीच असती. वेळ मिळाला नाही इतकंच.) मग आईला सांगितलं की बाबांच्या मते कापड काय, इथे गल्लीच्या तोंडालाही मिळतं.

झोप चांगली लागली.

९ मार्च, रविवार

ऑफिस बंद. रविवार कोणी काढला असेल? सकाळपासून इमारतीखालून चारदा गेलो. वॉचमनने विचारलं, काय रे, लिफ्ट बंद पडली का. मी म्हटलं, तपासणी. तो म्हणाला, खालून?

माणसांनी आपापल्या कामाशी काम ठेवावं.

११ मार्च, मंगळवार

आज ती बराच वेळ बोलली. चक्क चहा मागवला. म्हणाली, पाच वर्षं लोकांना शहरं विकतेय, पण स्वतः अजून विमानात पाऊल ठेवलेलं नाही. त्यानंतर बँकॉकच्या पुढच्या ग्रुपबद्दल बोलत होती. दोन जागा भरायच्यात, ग्रुप ज्याच्या टेबलावरून भरतो त्याला सोबत पाठवतात, असं काहीतरी. माझं नीट लक्ष नव्हतं. बोलताना तिच्या कानातला डूल हलतो. डावा जास्त हलतो.

शेवटी तिने विचारलं, मग तुमचं कधी ठरतंय? विचारताना पुढे झुकली. डोळ्यांत अगदी जीव आणून विचारलं. मला कळत नाही असं नाही. मी म्हटलं, लवकरच. ती म्हणाली, बघा ना प्लीज.

प्लीज! गिऱ्हाइकाला कोणी असं प्लीज म्हणत नाही.

एक दिवस तिला विमानातून नेईन. आधी नोकरी. नोकरीआधी कॉलेजचं काय ते बघावं लागेल. त्याच्याआधी थोडी विश्रांती.

१३ मार्च, गुरुवार

घरात दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. सगळं माझ्यामार्फत. आई म्हणते, तुझ्या बाबांना सांग, चहा ठेवलाय. बाबा समोरच बसलेले. मी सांगतो. बाबा म्हणतात, तुझ्या आईला सांग, दिसतोय. बाबांच्या पँटची शिवण उसवलीय. आईने मशीनवर गणवेशांचा ढीग शिवला, ती पँट तेवढी बाजूला ठेवली. बाबांनी स्वतः सुई घेतली. लिफ्टची वायर जोडावी तशी शिवली. आता बसताना त्रास होतो.

वाईट वाटलं. पण मोठ्या गोष्टीसाठी घरच्यांना थोडं सोसावं लागतं. हे त्यांना पुढे कळेल. सून आल्यावर.

ताईचा फोन उचलला नाही.

१४ मार्च, शुक्रवार

ब्रेक लागला. आज चौकशी म्हणाली, सगळी माहिती तर दिली तुम्हाला, आता आणखी काय सांगू? मी म्हटलं, टोकियोत पाऊस कधी पडतो ते नीट कळलं नाही. तिने पुन्हा सांगितलं. मी म्हटलं, आणि बँकॉकमध्ये? तिने सांगितलं, पण वर न बघता. केबिनमधून टायवाला हसला. काच होती म्हणून वाचला.

टेबल मध्ये आहे तोवर हे असंच चालणार. टेबलाशिवाय भेट हवी. शांत जागा. कोणी येणार नाही अशी. तिला उठून जाता येणार नाही अशी.

डोक्यात वीज चमकली. लिफ्ट!

लिफ्टच्या आत बटणांखाली एक छोटं कुलूप असतं. चावी फिरवली की लिफ्ट जिथे असेल तिथे थांबते. चावी बाबांच्या पिशवीत. पिशवी कोण उचलतं?

१५ मार्च, शनिवार. दुपारी

योजना पक्की. ऑफिस सुटायच्या वेळी मी लिफ्टमध्ये. तिसऱ्या मजल्यावर ती आत येईल. दुसऱ्या आणि पहिल्याच्या मध्ये चावी. ती घाबरेल. मी घाबरणार नाही. मनातलं सांगेन. मग मीच लिफ्ट सुरू करीन. म्हणजे मनातलं आणि कर्तबगारी, दोन्ही एकदम.

केस नीट बसवले. बोलायचं पाठ केलं. सुरुवात अशी: तुम्हाला वाटत असेल मला शहर ठरवता येत नाही.

१५ मार्च. घरी आल्यावर

लिहायची इच्छा नाही. पण ठाम माणसं लिहितात.

तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं. ती आणि टायवाला. तिने आत पाऊल टाकलं, मग म्हणाली, अगं बाई, पंखा चालूच राहिला, आणि परत फिरली. टायवाला आत आला. दार बंद झालं. मी विचार करत होतो, पण हात ठरल्याप्रमाणे चावीकडे गेला. फिरवली. लिफ्ट थांबली. मी ताबडतोब उलटी फिरवली. जोरात. रागात होतो. चावी कुलपात तुटली.

टायवाल्याने तुटक्या चावीकडे बघितलं. मग म्हणाला, हे तुम्ही मुद्दाम केलंत का. मी म्हटलं, तपासणी. तो खाली बसला, टाय काढून खिशात ठेवला, आणि म्हणाला, आता वेळच आहे तर सांगा, टोकियो की बँकॉक?

मी बटणांकडे बघत राहिलो. मग त्याने मला टोकियोतला पाऊस सांगितला.

वॉचमनने बाबांना बोलावलं. बाबांनी वरच्या मजल्याचं दार उघडून फटीतून लिफ्टमध्ये खाली वाकून पाहिलं. बाहेर सगळी इमारत जमलेली. चौकशी मोबाईलचा उजेड धरून उभी. बाबांनी मला बघितलं. कुलपातला चावीचा तुकडा बघितला. मग त्यांच्या मोठ्या आवाजात, तीस वर्षांत माझी एक लिफ्ट अडकली नाही रे गाढवा, असं म्हणाले. 'गाढवा' खालपर्यंत घुमलं.

ती हसली. तोंडावर हात ठेवून. हसणं ही सुरुवात असते.

१६ मार्च, रविवार

पिशवी काढून घेतली. घरी बाबा ओरडले नाहीत, हे जास्त वाईट. इमारतीच्या सेक्रेटरीकडे जाऊन हात जोडून आले.

सकाळी स्वयंपाकघरातून आवाज आले. दोघं बोलत होते! थेट! आई म्हणत होती, एवढा वेळ त्या ऑफिसात हा करतो काय? बाबा म्हणाले, मला सांगत होता की तू माझ्या टोकियोला हसलीस. आई म्हणाली, मी? आणि तुम्ही जे माझ्या कापडाबद्दल बोललात ते? बाबा म्हणाले, मी?

मग दोघं एकदम माझ्या दाराशी.

जे झालं ते लिहीत नाही. एवढंच की माझ्यामुळे त्यांचं बोलणं सुरू झालं. श्रेय कोणी देत नाही.

१८ मार्च, मंगळवार

आज दोघं स्वतःच तिसऱ्या मजल्यावर गेले. मला बाहेर बाकावर बसवलं. जिने चढून गेलो. बाबा म्हणाले, लिफ्टला हात लावायचा नाहीस.

उघड्या दारातून सगळं दिसत होतं, ऐकूही येत होतं. आत वेगळंच भांडण. बाबा म्हणतात, बँकॉक. आई म्हणते, नाही, टोकियोच. बाबा म्हणतात, लिफ्ट काय, रोज बघतो, हिने आयुष्यभर खाकी आणि पांढरं शिवलंय, जरा रंग बघू दे. आईने पदर डोळ्याला लावला. चौकशीनेही रुमाल काढला. चहा निवायच्या आत बँकॉक ठरलं. मी इतके दिवस जपलेला प्रश्न!

चौकशी खुर्चीतून उठलीच. आनंदाने दोन्ही हात टाळी वाजवल्यासारखे केले. बाहेर येऊन मलाही थँक्यू म्हणाली. माझ्या घरच्यांना बघून एवढा आनंद. काय समजायचं ते समजलो.

संध्याकाळी आई म्हणाली, ग्रुपमधलं कोणीतरी गळालं, अजून एक जागा होतेय म्हणे, तूही चल, ताई हो म्हणालीय, सुकलायस नुसता. ती मुलगीही म्हणत होती, मुलाला आणा. बाबा म्हणाले, चल रे, झालं गेलं सोड.

मी भडकलो. भर इमारतीत गाढव म्हणायचं आणि मग चल म्हणायचं? पायघड्या घातल्या तरी येणार नाही, असं सांगितलं. हे वरचं कारण. आतलं वेगळं. ती इथे आणि मी बँकॉकला? वेडा आहे का मी?

ती म्हणाली मुलाला आणा, हे धंद्याचं बोलणं. मनात काय होतं ते मला माहीत आहे.

२१ मार्च, शुक्रवार

आईने पुन्हा विचारलं. पुन्हा नाही म्हटलं. या वेळी दारही आपटलं. जागा दुसऱ्या कोणाला गेली. बरं झालं.

फाईल संपली, आता गिऱ्हाईक म्हणून नाही, माणूस म्हणून जाणार. सोमवारपासून घर रिकामं. मी मोकळा. निळा शर्ट आईकडून इस्त्री करून घेतला. कशासाठी म्हणाली. म्हटलं, असंच.

२४ मार्च, सोमवार

पहाटे दोघं गेले. विमानतळावर सोडायला गेलो नाही. शर्ट चुरगळला असता. शिवाय मी अजून रागात आहे.

ऑफिस उघडायच्या आधीच जिन्यात उभा राहिलो. पाठ केलेलं दोनदा म्हटलं. आत गेलो. चौकशीच्या टेबलावर टायवाला. बोटात लाल टोपी.

त्याने बसा म्हटलं. मी शर्टाची इस्त्री सांभाळत बसलो. म्हणाला, ती बँकॉकच्या ग्रुपबरोबर गेली, सहायक म्हणून, आमची पद्धतच आहे, तुमच्या आईबाबांनी शेवटच्या दोन जागा भरल्या ना. तिने तुम्हाला सांगितलं असेलच. दोनदा तरी सांगितलं असेल. पाच वर्षं वाट बघत होती बिचारी. आल्यावर तिला पूर्णवेळ टूरवरच घेणार आहेत, आता टेबलावर नसेल ती.

मग त्याने टोपी नीट केली आणि विचारलं, तुमची काय चौकशी?

मी म्हटलं, पाऊस.

२४ मार्च. संध्याकाळी

आईचा आवाजी मेसेज आला. आम्ही पोचलो, हॉटेल छान आहे, बाबा मघापासून लिफ्टने वर-खाली करतायत. आणि ती ट्रॅव्हलवाली मुलगी फार गुणी आहे हो. विमानात माझ्या शेजारीच बसली होती. तुझं विचारत होती, मुलगा का नाही आला. मग म्हटलं, सांगायलाच हवं. पहिलीत चड्डी ओली करून घरी आलास ते, पोहायच्या तलावाला घाबरून खांबाला मिठी मारलीस ते, आणि दहावीपर्यंत दिवा चालू ठेवून झोपायचास ते. खूप हसली. म्हणाली, काकू, पुढचं सांगा ना.

पण तेवढ्यात विमान उतरलं. कॉलेज कसं सोडलंस ते राहिलंय. उद्या दिवसभर नदीत बोट आहे, तेव्हा निवांत सांगेन.