अंगणातला डावा कोपरा

२० जानेवारी, शनिवार. अमावास्या.

आले: यांच्याकडून ठाण्याहून पार्सल, एस.टी.ने, नेणावळ ६ रु. हमाल केला नाही, रोहा स्टँडवरून वरशाला घरापर्यंत सुमन आणि मी दोघींनी धरून आणले. आत कंपनीचा निळा ट्रॅकसूट (जुना, कोपरावर विरलेला), सुमनला वह्या अर्धा डझन १८ रु., मालिशचे तेल १ बाटली (किंमत खोडलेली, म्हणजे महाग असणार), आणि चिठ्ठी.

चिठ्ठीत चारच ओळी. रविवारी २८ ला पेणला सामने, कंपनीचा संघ उतरणार. ढाल मिळाली तर मोठे सर यांचे नाव कायम करायला वर पाठवणार. मोठे सर म्हणजे संघाचे मुख्य कोच.

अकरा वर्षांत हा पाचवा संघ. गिरणी बंद पडली तशी गिरणीची कबड्डी बंद पडली. बँकेत मुख्य कोच बदलले, नव्यांनी आपली माणसे आणली. साखर कारखान्यात तेच. चौथ्याचे लिहीत नाही. दर वेळी हे ट्रंक घेऊन परत. मुख्य माणूस गेला की त्याच्या हाताखालचेही जातात, हा यांच्या धंद्याचा नियमच आहे म्हणे.

शेजारच्या वहिनी आज परत म्हणाल्या, "सात गड्यांत कोपरे दोन. दोघांना शिकवायला एक माणूस पगारावर? बाकीच्या पाचांनी काय पाप केलंय?"
मी हसले. दुसरे काय करणार. यांना येते ते एवढेच. आत आलेल्या चढाईवाल्याचा घोटा कोपऱ्यातल्या गड्याने कसा धरायचा, तेवढेच. पण ते येते.

२३ जाने., मंगळवार. माघी गणेश जयंती.

पालीला जाऊन आले. जत्रेची गर्दी. बल्लाळेश्वरासमोर बोलले: नाव कायम होऊ दे, पाच संकष्ट्या रोह्यापासून अनवाणी चालत येईन. बोलल्यावर वाटले, पाच थोड्या होतात का. सात केल्या.

परतताना स्टँडवर अन्वर भेटला. अष्टमी गावचा, पुलापलीकडे सायकलींचे दुकान. आता एकोणतीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप, तरी रोह्याच्या संघात डावा कोपरा त्याचाच. सोळाव्या वर्षापासून आमच्या अंगणात शिकला. अंगणाच्या डाव्या कोपऱ्यात त्याच्या टाचेचा खळगा पडलाय, सारवताना तेवढी जागा मी सोडते. यांनी तसे सांगून ठेवले आहे.
"काकी, रविवारी तुमच्या कंपनीशी गाठ पडेल बहुतेक."
"मग हर की."
"हरतो ना. पण मास्तरांनी हरायचं शिकवलंच नाय, ते कोणाकडनं शिकू?"

सुमनला सांगितले तर तीही हसली. आज घरात हसणे झाले, म्हणून लिहिले.

२८ जाने., रविवार. पेण. दादाच्या घरी.

लिहावे की नको.

अंतिम सामना कंपनी आणि रोहा. मी बायकांच्या बाजूला, दादाची बायको आणि सुमन शेजारी. माझी माळ पदराखाली. शेवटची चढाई कंपनीची. कंपनीचा एकच गडी उरलेला, पण गुण एकाने पुढे. त्याने फक्त रोह्याच्या बाजूची निदान रेषा ओलांडून परत यायचे. तेवढ्यावर ढाल, आणि ढालीवर यांचे कायमचे.

तो रेषा ओलांडून डाव्या कोपऱ्याकडे लांबला. अन्वरचा पाय पुढे राहिला होता. मला इथून दिसत होते, बोटभर पुढे. आता तो पाय शिवला जाणार.

आणि हे ओरडले. कंपनीच्या बाकावरून, कंपनीचा ट्रॅकसूट अंगात. "पाय मागे घे!"

अंगणातला तोच आवाज. तेरा वर्षे स्वयंपाकघरात ऐकलेला. अन्वरचा पाय मागे गेला, चढाईवाल्याचा पंजा हवेत, आणि अन्वरने घोटा धरला. एक गुण पकडीचा, शेवटचा गडी बाद म्हणून लोणाचे दोन. कंपनी हरली.

सगळे मैदान नाचत होते. हे उभेच. स्वतःच्या तोंडावर हात ठेवलेला.

एक इथे लिहून ठेवते, कुणाला सांगणार नाही. तो शब्द माझ्याही तोंडाशी आला होता. माळ हातात असताना.

२९ जाने.

दादा सकाळी चहाला बसले तसे म्हणाले, "यमू, तुझ्या नवऱ्याने आयुष्यभर माणसांचे घोटे बघितले गो. एकदा मान वर करून तोंड बघितलं असतं, तर कळलं असतं कोणाचा गडी ते."
हे पलीकडे दाढी करत होते. ऐकू गेले. गालाला कापले.

कंपनीची गाडी काल यांना न घेताच गेली. आम्ही तिघे एस.टी.ने रोह्याला.

१ फेब्रुवारी, गुरुवार

कंपनीचे पत्र. टाइप केलेले, तीन ओळी. आपल्या सेवेची आवश्यकता नाही. मोठ्या सरांची सही. चार वर्षे ज्यांच्या घरी दिवाळीचे फराळ पोचवले त्यांची. रागाने लिहीत नाही. त्यांचीही खुर्ची डळमळली असणार.

बाजारात बोलणे वेगळेच. तांदूळवाल्याच्या दुकानात दोघे: "मास्तरांनी सामना विकला." "कितीला?" "अष्टमीवाल्याचा भाऊ दुबईत हाय ना. तिकडनं आलं असेल."
मी तांदूळ न घेता आले. घरी येऊन कालचा भात परतला.

हे दिवसभर ओटीवर. विचारले, जेवता का. "हो" म्हणाले आणि उठले नाहीत.

४ फेब्रु., रविवार. पौर्णिमा.

अन्वर आला. उंबऱ्याबाहेर उभा. मी "ये" म्हटले नाही. माझ्या हातून झाले हे, लिहून ठेवते.
म्हणाला, "काकी, कुराणाची शपथ, कोण ओरडलं ते मी बघितलंच नाय. आवाज आला, पाय आपोआप मागं गेला."
मी म्हटले, "ते माहीत आहे मला."
तरी जाईना. मग खिशातून पत्र काढले. कंपनीचेच. त्याला बोलावले होते. डाव्या कोपऱ्यासाठी चाचणीला, पसंत पडल्यास नोकरी. कायम.

देवा, ही कुठली रीत. शिकवणाऱ्याला काढायचे आणि शिकलेल्याला घ्यायचे, त्याच पकडीसाठी.

"मास्तर नको म्हणाले तर फाडतो हे," अन्वर म्हणाला. "त्यांच्यासमोरच फाडतो."
हे आतून आले. पत्र वाचले, दोनदा. घडी घालून त्याच्या खिशात परत ठेवले.
"जा. तिकडचा चढाईवाला उंच आहे, तो लवकर लांबतो. पाय अजून चार बोटं मागे ठेव."
मग अंगणात उतरून दाखवले. कसा उभा राहायचा, वजन कुठल्या टाचेवर. पंचावन्नाव्या वर्षी, धोतर खोचून, त्या खळग्यात टाच रोवून. अन्वर रडत होता आणि करत होता. सुमन खिडकीत.

नंतर मी त्याला चहा दिला. उशीर झाला होता, पण दिला.

७ फेब्रु., बुधवार. संकष्टी.

उपास. काय मागायचे ते सुचेना, म्हणून नुसतीच बसले देवापुढे. नवसाच्या सात संकष्ट्यांचे काय? काम झाले नाही म्हणजे मी सुटले, असे वहिनी म्हणतात. सुटल्यासारखे वाटत नाही.

चंद्रोदयाला हे म्हणाले, "उद्या निघतो. मिरजेकडे तालुक्याचे दोन-तीन संघ आहेत. कोणाला तरी कोपरा शिकवायचा असेल."
"तुमची बातमी तिथे पोचली नसेल?"
"पोचली असेल. पण पकडही पोचली असेल."
सुमन ताटावरून म्हणाली, "बाबांनी सांगितलं ते बरोबरच होतं ना? पाय पुढेच होता त्याचा."
यांनी तिच्याकडे बघितले. दहा दिवसांत पहिल्यांदा जेवले नीट. मोदक दोन.

८ फेब्रु.

गेले. सकाळची गाडी. ट्रंक नेली नाही, पिशवीच. ट्रंक नेली असती तर बरे वाटले असते.

१७ फेब्रु., शनिवार. महाशिवरात्र.

पत्र नाही. नऊ दिवस झाले.
पोस्टमन आता लांबूनच मान हलवतो. मी दारात उभी राहणे बंद केले, कपडे वाळत घालायचे निमित्त काढते.

२१ फेब्रु.

अन्वरची बायको पुलावर भेटली. तो पसंत पडला. पुढच्या महिन्यात रुजू. तिने हात धरला, सोडीना. "काकी, आमच्या घरात आनंदच करवत नाय."
"करा गो. कोणीतरी केला पाहिजे."
खरे बोलले का खोटे, मला ठाऊक नाही.

२६ फेब्रु., सोमवार

यांचे कार्ड. मिरजेजवळच्या एका गावात एका तालमीत आहेत. राहणे-जेवणे त्यांचे, पगाराचे बोलणे नाही. उजव्या कोपऱ्याला एक डावखुरा आहे, त्याची मनगटे चांगली. कार्डाचा अर्धा भाग त्याच्या मनगटांवर. माझ्यासाठी: प्रकृती जपणे. सुमनला आशीर्वाद. परत येण्याबद्दल काही नाही.

तीन वेळा वाचले. मला राग यायला हवा होता. मनगटांचे वाचताना त्यांचा चेहरा दिसला, आणि आला नाही. मग त्याचाच राग आला.

२ मार्च, शनिवार

दादा आले, मुद्दाम पेणहून. डोलवीच्या कारखान्यावर एका कंत्राटदाराकडे टाइमकीपरची जागा. दादांची ओळख. माणसे आत किती, बाहेर किती, वहीत मांडायचे. शिफ्टचे काम, पगार दर महिन्याला. पंधरा तारखेच्या आत माणूस समोर उभा करा म्हणतात.
"त्या दिवशी बोललो ते चहाबरोबर बोललो," दादा म्हणाले. "मनावर घेऊ नको. पण यमू, आता खेळ पुरे. मुलगी बारावीला हाय. ते परत कधी कोणाच्या बाकावर बसायचे नायत, हे तुला कळतंय, मला कळतंय. त्यांनाच तेवढं कोणीतरी सांगायला हवं."
मी म्हटले, "पत्र लिहिते."
"लिही. गोड लिहू नको."

५ मार्च, मंगळवार. होळी.

नैवेद्याला पोळ्या चारच केल्या. आळीच्या होळीत नारळ टाकला, मागणे काही नाही. नारळ फुटल्याचा आवाज आला, तेव्हा सगळ्या बायकांनी हात जोडले म्हणून मीही जोडले. इतकी वर्षे कधी असे रिकामे हात जोडले नव्हते. देवाला हे कळत असेल तर त्याने रागवावे. निदान काही उत्तर येईल.

६ मार्च, बुधवार

मिरजेला पाठवायच्या पत्राची नक्कल. आंतर्देशीय, जागा संपेपर्यंत. मायना नेहमीचा.

"तुमचे कार्ड पोचले. आम्ही बरे. सुमनचे पेपर चालू आहेत, अभ्यास करते. अन्वर कंपनीत लागला, कायम. तुम्हाला आनंद होईल म्हणून कळवते.

दादांनी डोलवीला तुमच्यासाठी टाइमकीपरची जागा बघितली आहे. पंधराच्या आत हजर व्हायचे. नंतर ती राहणार नाही. दादा म्हणाले गोड लिहू नको, म्हणून सरळ लिहिते. मला ही नोकरी हवी आहे. फार हवी आहे. अकरा वर्षे तुमची ट्रंक आत घेताना मी काही म्हटले नाही, आता म्हणते. पण तुम्ही त्या वहीत माणसे मोजत बसलेले मला डोळ्यांपुढे आणता येत नाही. मी प्रयत्न केला.

तो डावखुरा कसा आहे ते पुढच्या वेळी सविस्तर लिहा.

आणखी एक. पाडवा वीस तारखेला आहे, त्याआधी अंगण सारवायचे. या खेपेला शेण-माती मी कालवून ठेवली आहे. डाव्या कोपऱ्यातला खळगा नेहमीसारखा सोडू, की बुजवून घेऊ? तुम्ही सांगाल तसे करीन. कालवलेली माती फार दिवस टिकत नाही. कृपा करून उलट टपाली कळवा."