नाना, वायरिंग जळालं नव्हतं

नाना,

'प्रिय' लिहायला हात वळला नाही, म्हणून नुसतंच नाना.

परवा तुमचं वर्षश्राद्ध झालं आणि भर पंगतीत मी तुमचं नाव खराब केलं. निम्मे नातेवाईक माझ्याशी न बोलता निघून गेले. तुमच्या माघारी बोलले असं कुणी म्हणायला नको, म्हणून जे त्यांना सांगितलं तेच तुम्हाला लिहून कळवते आहे.

दिवाळीनंतर तुमचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान खाली करून द्यायचं होतं. आईला गुडघ्यांमुळे चढता येत नाही, म्हणून माळ्यावर मी चढले. जुन्या डायनॅमोंच्या मागे सुतळीने तोंड बांधलेलं एक पोतं होतं. मला वाटलं भंगार असेल. उघडलं तर आत आपल्या पांढऱ्या गाडीचं डॅशबोर्डचं अख्खं वायरिंग! मीटर, वायपर, हॉर्न, दिवे, सगळ्यांकडे जाणाऱ्या वायरांची ती जाड वेणी, व्यवस्थित गुंडाळून ठेवलेली. टोकाच्या प्रत्येक कपलरला, म्हणजे जोडाला, पांढऱ्या पट्टीची चिठ्ठी आणि त्यावर तुमचं अक्षर. मीटर. वायपर. पंखा. डावा इंडिकेटर.

मी तिथेच माळ्यावर बसून एकेक वायर बोटांतून सरकवत पाहिली. एकही काळी पडलेली नव्हती. एकही वितळलेली नव्हती. जळालेल्या वायरिंगला कुणी चिठ्ठ्या लावून ठेवतं का हो?

तेरा वर्षं तुम्ही काय सांगत होतात? "आमच्या हिनं गाडी जाळली." लग्नात सांगितलंत, बारशात सांगितलंत, दुकानात आलेल्या परक्या गिऱ्हाइकालाही चहा पाजता पाजता सांगितलंत. "धुळ्यापर्यंत क्लच दाबत दाबत नेली, मग वायरिंग जळणार नाही तर काय?" आणि लोक हसायचे. क्लचचा आणि वायरिंगचा काय संबंध? मी कारखान्यात रोज कंट्रोल पॅनलचं वायरिंग करते, तरी मला हा प्रश्न कधी पडला नाही. तुम्ही सांगितलं म्हणजे खरंच असणार! अख्ख्या जळगावात गाडीच्या वायरिंगमधलं तुमच्याइतकं कळणारा दुसरा कोण होता?

गाडी आईला शिकवलीत तुम्हीच. मेहरूण तलावाच्या रस्त्यावर एक पूर्ण उन्हाळा. पन्नाशीची बाई गाडी चालवते म्हणून कॉलनीत तुमची छाती किती फुगली होती ते मला आठवतं. पण चालवायची ती भाजीबाजारापर्यंत, देवळापर्यंत, आणि शेजारी तुम्ही बसलेले असताना. हे मात्र कुणाला सांगत नव्हतात.

मग धुळ्याची मावशी आजारी पडली. दवाखान्यात ठेवलं, डॉक्टरांनी जवळच्या माणसांना बोलवायला सांगितलं. आईने तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, "उद्या पाहू." दुसऱ्या दिवशीही म्हणालात, "उद्या पाहू." तिसऱ्या दिवशी तुम्ही दुकानात गेल्यावर आईने किल्ली घेतली, फडक्यात चार भाकरी बांधल्या आणि एकटी निघाली. एरंडोल, पारोळा, धुळे. मालट्रकांच्या गर्दीतून, पहिल्यांदा, शेजारी कुणीही नसताना! मावशीच्या उशाशी दोन दिवस बसली. मावशी त्या खेपेला वाचलीसुद्धा. आई गाडीला एक ओरखडा न पडू देता परत आली.

तुम्ही ओरडला नाहीत. ओरडला असतात तर बरं झालं असतं. आठवडाभराने ती गाडी काढायला गेली तर किल्ली फिरवून काहीच होईना. डॅशबोर्डच्या जागी नुसतं भोक, सुटा डॅशबोर्ड मागच्या सीटवर. तुम्ही दारात उभे राहून म्हणालात, "वायरिंग जळालं. आता असं मिळत नाही."

पुढच्या वर्षी मावशी गेली. तुम्ही चाळीसगावला कामाला गेला होतात. आई एसटीने निघाली. पारोळ्याजवळ बस बंद पडली, दुसरी मिळेपर्यंत दोन तास गेले. ती पोचली तेव्हा घरात फक्त दिवा होता आणि बाहेर बायका भांडी घासत होत्या. तिने सख्ख्या बहिणीचं तोंड पाहिलं नाही, नाना. आणि तुमच्या माळ्यावर हे पोतं होतं!

मी पोतं घरी आणलं. आई मेथी निवडत होती. तिच्यासमोर ठेवलं.

"दुकानात सापडलं. हे जळालेलं नाहीये, आई."

तिने मानही वर केली नाही. "माले माहीत शे."

"कधीपासून?"

"त्याच दिनपासून. वास उना नही, धूर उना नही. मंग जयनं काय?"

खरंच, न वास, न धूर, मग जळणार काय होतं? मग तिने सांगितलं. तुम्ही तिला म्हणाला होतात, भाऊबंदांसमोर 'माझं चुकलं' म्हण, दोन तासांत गाडी चालू करून देतो. दर दिवाळीला विचारत होतात म्हणे. बोल, म्हणतेस का?

"आणि तू?"

"मी काय चुकनी व्हती?" आई म्हणाली आणि मेथीची जुडी उलटी करून दांड्या तोडू लागली.

"मग मला का नाही सांगितलंस? इतकी वर्षं?"

आता तिने माझ्याकडे पाहिलं. "तू बी हासे ना त्यास्नासंगे."

हो. मीही हसायचे. एकदा माझ्या सासूबाईंना तो किस्सा मीच रंगवून सांगितला होता, आणि आई तिथे चहाचा ट्रे धरून उभी होती. तुमच्या खोटेपणाची मी इतकी वर्षं फुकट हमाली केली, नाना! तुमच्यावरचा माझा राग निम्मा त्याचाच आहे. तुम्ही मला तुमच्या बाजूला बसवलंत, आणि मी कशावर बसले आहे हे मला कळूही दिलं नाहीत.

त्या दिवशी मी ठरवलं की अंगणात तशीच उभी असलेल्या गाडीत हे वायरिंग मीच बसवणार. इंजिन, टाकी, ब्रेक एका मेकॅनिककडून करून घेतले, पण डॅशबोर्डला त्याला हात लावू दिला नाही. तीन रविवार लागले. पुढच्या दोन्ही सीट काढून बाहेर ठेवल्या आणि पाठीवर पडून आत शिरले. पहिला रविवार नुसती वेणी डॅशबोर्डमागच्या आडव्या पट्टीवरून ओढून घेण्यात आणि तिचं टोक इंजिनकडच्या रबरी बुचातून पलीकडे काढण्यात गेला. कोपरं सोलून निघाली. दुसऱ्या रविवारी फ्यूज बॉक्स, मीटर, वायपर, हॉर्न. तुमच्या चिठ्ठ्या वाचत वाचत कपलर जोडत होते. एकही चिठ्ठी चुकलेली नव्हती. किती स्वच्छ काम, आणि कशासाठी!

डॅशबोर्ड बसवला, सगळे स्क्रू आवळले, किल्ली फिरवली. डावा इंडिकेटर दाबला तर मीटरचे सगळे दिवे एकदम मंद होऊन मिचकावायला लागले. वायपर चालू असताना हॉर्न दाबला तर तो घुटमळला. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. हे तुम्हाला एका क्षणात कळलं असतं. मला अर्धा दिवस लागला. अर्थिंगची, गाडीच्या पत्र्याला जोडायची वायर! सगळ्या चिठ्ठ्या लावलेल्या, फक्त तिला नव्हती. ती वेणीतच दडून राहिली होती. पुन्हा सगळे स्क्रू काढले. तिसऱ्या रविवारी बॉडीवरचा गंज कानशीने घासून पत्रा उघडा केला आणि वायर बोल्टखाली घट्ट आवळली. तिला चिठ्ठी लावायला तुम्ही विसरलात की मुद्दामच लावली नाहीत? दुसरा कुणी बसवायला गेला तर अडावा म्हणून? मी तुमच्याबद्दल आता काहीही मानायला तयार आहे, इथवर आणलंय तुम्ही मला.

या खेपेला डॅशबोर्ड बंद करायच्या आधी सगळं तपासलं. दिवे, पंखा, दोन्ही इंडिकेटर. शेवटी हॉर्न दाबला. तो इतका खणखणीत वाजला की आई पिठाच्या हातांनी बाहेर आली. बॉनेटला हात लावला, पिठाची पाच बोटं उमटली, आणि आत गेली.

मग परवाचं श्राद्ध. पान वाढून झालं, कावळा शिवला, सगळे जेवायला बसले. प्रभाकरकाका, तुमचे चुलतभाऊ, अंगणातल्या गाडीकडे पाहून म्हणाले, "ही वहिनीनं जाळलेली ना? नाना काय सांगायचा तो किस्सा!" आणि हसले. सगळे हसले. आई वरणाचं पातेलं घेऊन तिथेच उभी होती.

मी उठले. चिठ्ठ्या मी डब्यात जपून ठेवल्या होत्या, त्या आणून काकांच्या पानाशेजारी एकेक मांडल्या. म्हटलं, "अक्षर ओळखा. गाडी जळाली नव्हती. नानांनी वायरिंग काढून लपवलं होतं, आई त्यांना न विचारता आजारी बहिणीला भेटायला गेली म्हणून. मी स्वतः बसवलंय, एकही वायर जळालेली नव्हती."

कुणी घास उचलेना. काकांनी एक चिठ्ठी उलटीसुलटी केली. "अगं, पण चिठ्ठ्या लावल्या म्हणजे त्याला परत बसवायचंच होतं ना? मनानं चांगला होता तो."

"तेरा वर्षं, काका! हे दोन तासांचं काम आहे असं त्यांनीच आईला सांगितलं होतं."

"मेलेल्या माणसाबद्दल असं बोलतात का, वंदना?"

"मग जिवंत बाईबद्दल बोललेलं चालतं?"

काका पानावरून उठले. त्यांच्या मागे आणखी चौघे उठले. उरलेल्यांकडे पाहून आई एवढंच म्हणाली, "जेवा. वरन थंडं व्हई राहिनं."

मला वाटलं, रात्री मला बोलणार. नाही बोलली. भांडी आवरून झाल्यावर तिने तुमच्या फोटोचा हार सरळ केला. तिला तुम्ही हवे होतात, नाना. एवढं करूनही हवे होतात. तुम्हाला ते पुरलं नाही, याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो. नुसतं 'चुकलं' हा शब्द तिच्या तोंडून काढायला तुम्ही आयुष्याची तेरा वर्षं घालवलीत, आणि तो न ऐकताच गेलात.

आज सकाळी तिने माझ्याकडे किल्ली मागितली. लायसन्स नवं होऊन यायचंय, म्हणून कॉलनीच्या आतच, असं मी बजावलं. त्रेसष्ट वर्षांची बाई, नऊवारीचा पदर खोचून बसली. फाटकात दोनदा गाडी बंद पडली. तिसऱ्यांदा निघाली. लोक फाटकांशी येऊन उभे राहिले. तिने कुणाकडे पाहिलं नाही. पहिल्या गिअरमध्ये, मग दुसऱ्यात, चार चकरा मारल्या. चौथ्या चकरेला माझ्याजवळ थांबून काच खाली केली आणि शेजारच्या सीटवर थाप मारली.

"बस. तुले शिकाडस."

मला गाडी येत नाही हे तुम्हाला तरी माहीत होतं का? मी बसले. ती गिअर समजावून सांगत होती, तिचा आवाज जराही वर चढत नव्हता, आणि मी समोर पाहून रडत होते. तिने ते पाहिलं, पण शिकवणं थांबवलं नाही.

नाना, मी तुम्हाला माफ केलेलं नाही. करेन की नाही हेही सांगत नाही. पण एक वचन देते. यापुढे तुमच्याबद्दल कुणीही विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, ना तुमच्या बाजूने, ना माझ्या रागाच्या बाजूने. तुमच्यासारखं वायरिंग या जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं, हे मी सांगेन. आणि तुम्ही त्या हातांनी काय केलंत, तेही सांगेन. दोन्ही एकाच दमात, आईच्या समोर.

तुमचीच मुलगी, याला माझा इलाज नाही,
वंदना