पिवळी वायर

१३ जाने., मंगळ.
साताऱ्याच्या डॉक्टरांचं कपाट आलं, टेंपोतून, गोधडीत गुंडाळून. माणूस दातांचा डॉक्टर, पण हॉलमध्ये व्हिडिओ गेम पाहिजे. जुन्या गेम-पार्लरमधल्यासारखं उभं कपाट, दांडी, बटणं, सगळं. आत कॉम्प्युटर चालणार नाही, खरा जुना गेमचा बोर्डच हवा. कुठला? तर आमच्या विट्याच्या पार्लरमधला विमानांचा. शाळेत असताना तिथं पडीक असायचे म्हणे.
बोर्ड माझ्या ट्रंकेत आहे हे यांना सांगितलं कुणी? विचारलं तर हसले.
"जळालाय तो," म्हणालो.
"मग दुरुस्त करा की."
जळाला नाही, जाळला. दत्तानं. हे मात्र बोललो नाही.

१५ जाने., गुरु.
शबाना म्हणते, "आवं, वीस वर्सं झाली, सोडा की आता." सोडायला काय, ती भोगायला नव्हती औंधला.
यमाईच्या जत्रेत मशीन नेलं होतं. पार्लर माझं आणि दत्ताचं. बोर्ड माझ्याकडे, कपाट आणि वायरिंग दत्ताकडे. तो मूळचा पंपाच्या मोटारी रिवाइंड करणारा, आटपाडीकडचा, घरची मेंढरं. सकाळी हा चहा आणायला गेला, मी बटण दाबलं आणि धूर. महिनाभर त्याचं चाललं होतं, "मला माझं दुकान टाकायचंय." मग दोन आणि दोन चार. चहा घेऊन आला तेव्हा जत्रेतल्या शंभर माणसांसमोर म्हणालो, "तूच जाळलास. मुद्दाम."
दोन्ही ग्लास त्यानं खाली ठेवले आणि गेला. परत बोललो नाही.

१७ जाने., शनि.
डॉक्टर आले. पिशवीत आमचा जुना वायरचा जुडगा, बोर्डाला लावायच्या पट्टीसकट! विट्याला दत्ताच्या दुकानातून आणला म्हणे. म्हणजे बोर्डाची बातमी त्यानंच दिली. जुडगा इतकी वर्षं कशाला जपला? फुकट कसा दिला? दत्ता आणि फुकट!
"काही म्हणाला का?"
"म्हणाले, त्यो बघंल, त्याला कळंल."
काय कळंल? डोकं फिरलं माझं. पट्टी लावली की उरलासुरला बोर्डही जावा, असा काही डाव असणार.

१८ जाने., रवि.
पट्टी बोर्डाला लावली नाही. आधी मीटर. छप्पन्न पिना, अठ्ठावीस वर, अठ्ठावीस खाली. सातव्या जागी आडकाठी, म्हणजे उलटी बसू नये. ती जागेवर आहे. अर्थिंग बरोबर. पाच व्होल्टच्या पिना बरोबर. एकेक वायर तपासत गेलो. कुठं तरी दगा असणारच.
दुपारपर्यंत सापडला नाही. जास्तच संशय आला.

२० जाने., मंगळ.
सापडलं. लिहायला नको वाटतंय.
चित्राला तीन वायरी लागतात: लाल, हिरवी, निळी. जो रंग, वायर त्याच रंगाची, जगभर अशीच पद्धत. दत्तानं घातल्यात लाल, पिवळी, निळी. का? कारण पंपाच्या तीन फेजला लाल-पिवळी-निळी असते. गड्यानं जन्मभर तेच जोडलं, हातानं तेच केलं. हिरव्या रंगाला पिवळी वायर. आणि बारा व्होल्टला पांढरी.
येडं रं येडं, म्हणून हसलो. मग हसू गेलं.
सप्लायमधून, म्हणजे वीज देणाऱ्या डब्यातून, बारा व्होल्टची वायर पिवळी येते. कुठल्याही सप्लायमधून.
त्या सकाळी औंधला सप्लाय कुणी बदलला होता? जुना तापत होता म्हणून. दत्ता चहाला गेल्यावर. पिवळीला पिवळी जोडून बारा व्होल्ट चित्राच्या वायरीत कुणी सोडले?

२१ जाने., बुध.
नाही. असं कसं? मी तपासल्याशिवाय जोडत नाही.
त्या दिवशी गर्दी जमली होती. पोरं ओरडत होती, "मामा, चालू करा." तपासलं नव्हतं.
तरी बोर्ड बघतो. खोटं ठरूदे.

२२ जाने., गुरु.
ट्रंकेतनं बोर्ड काढला. त्या दिवसापासून रागानं बघितलाच नव्हता. हिरव्याच्या पिनेपासून भिंगानं मागं गेलो. वाटेवरची पहिली चिप, तिच्या पाठीला फोड. बाकी बोर्ड धड. ती एकटी पाच व्होल्ट खाली ओढत होती, म्हणून सगळा मेल्यासारखा.
वीस वर्षं. एका चिपेसाठी. माझ्या हातानं.
शबानाला सांगितलं. ती म्हणाली, "मग?" मग काय मग. जेवलो नाही.

२८ जाने., बुध.
चिप पुण्याहून आली. बसवली. पिवळी कापून हिरवी घातली. पाच व्होल्ट बोर्डापाशी मोजले. विमानं आली! डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू.
पण एक किडा डोक्यातनं जात नाही. दत्ताला हे माहीत होतं. "त्याला कळंल" म्हणजे तेच. कधीपासून? तेव्हाच कळलं असेल तर गप्प का बसला? मला वीस वर्षं मूर्ख राहू दिलं? का आता डॉक्टरांसमोर माझी जिरवायचीय? डॉक्टरांनी रविवारी साताऱ्याला आम्हा दोघांनाही बोलावलंय.

१ फेब्रु., रवि.
दत्ता आला. केस पांढरेफेक. "बरा हायस नव्हं?" "बरा." एवढंच.
डॉक्टर पोरासारखे खेळत होते. दत्तानं मागचं दार उघडलं, बॅटरी मारली. लय वेळ बघत होता.
"हिरवी घातलीस व्हय."
"व्हय. पद्धत तीच हाय."
डॉक्टर म्हणाले, "पण तेव्हा जळाला कशानं हो?"
दत्तानं माझ्याकडं बघितलं. आता हा बोलणार.
मीच म्हणालो, "जुना झाला होता."
दत्ता म्हणाला, "व्हय. जुना झाला हुता." आणि दार लावलं.
जिरवायला आला होता म्हणे! थू माझ्यावर.

३ फेब्रु., मंगळ.
आज शब-ए-बरात. सकाळपासून फोनवर तोच मेसेज फिरतोय, चुकलं-माकलं माफ करा. मीही पुढं ढकलला, साठ-सत्तर जणांना. ज्यांचं काही बिघडवलं नाही त्यांना सगळ्यांना गेला. दत्ताच्या नावाशी बोट अडलं.
शबाना म्हणाली, "शिवी शंभर लोकांत, आन् माफी मेसेजवर?"
दुपारी फोन लावला. दुसऱ्या रिंगलाच उचलला. मागं मोटारीचा आवाज.
"बोल की, इक्बाल."
"दुकानात कोण हाय?"
"हायती पाच-सा गिऱ्हाईकं. का रं?"
"मोटार बंद कर. फोन स्पीकरवर टाक."
मग मोटार थांबली.
"टाकलाय," म्हणाला. "बोल."