मापाचा ब्लाऊज कुणी अंगात घालत नाही

शिरूर,
कोजागिरीचा दुसरा दिवस

तीर्थरूप सौ. आक्काच्या पायांवर डोकं ठेवून धाकट्या अनुपमाचा नमस्कार. दाजींना नमस्कार सांग, सूनबाई रुपालीला आशीर्वाद. तिनं पाठवलेली शेंगदाण्याची चटणी पोचली आणि संपली. इकडं सगळं ठीक आहे. घोडनदीला पाणी आहे, ऑक्टोबरचं ऊन आहे, ह्यांचे गुडघे दुखतात आणि कुणी विचारलं नाही तरी ते सांगतात. तुझ्या तब्येतीचं मी फोनवरच विचारलं असतं, पण गेल्या वर्षीच्या गौरीपासून तू माझा फोन उचलत नाहीस, आणि मेसेज केला तर दोन निळ्या खुणा येतात, पुढं काही येत नाही. म्हणून कागद घेतला. कागद कट करता येत नाही. (फाडता येतो, ते मला माहीत आहे. पण तू आईची मुलगी. लिहिलेला कागद वाचल्याशिवाय तुझ्या हातानं फाटायचा नाही.)

दोन गोष्टी आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर मी भरकटले तरी चालेल. एक म्हणजे दिवाळीनंतरच्या रविवारी आपल्या इंद्रजीतचा साखरपुडा आहे, आणि त्याची मोठी मावशी नसेल तर मी मांडवात पाऊल टाकणार नाही असं मी घरात सांगितलंय. (हे म्हणाले, "मांडव तू घातल्याशिवाय पडतोय व्हय? टाकशील पाऊल." ह्यांना भावना म्हणून काही नाहीत.) दुसरी म्हणजे परवा रुपालीचा फोन आला होता. तिच्यावर रागावू नकोस, मी खोदून विचारलं म्हणून बोलली. म्हणाली, "मावशी, आई खंगत चालल्यात." संक्रांतीपासून तू चार ब्लाऊज शिवलेस आणि चारही अंगात लोंबतात. डॉक्टरकडं जाऊन आलीस, रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही, तर तू म्हणालीस की डॉक्टर लोक खरं सांगत नसतात. आणि आता तू कपाट उघडून कुठली साडी कुणाला ते रुपालीला सांगून ठेवतेस. हिरवी पैठणी अनूला, असं म्हणालीस म्हणे. आक्का, ते ऐकलं आणि मी फोन ठेवून ओट्याशी उभीच राहिले. दूध उतू गेलं. मला तुझी पैठणी नको, तू हवी आहेस. हे मी तोंडावर कधी बोलले नसते, म्हणून इथं लिहिलं.

आता माझी हकिकत ऐक. तुलाही थोडं हसू येईल आणि दोन घास जास्त जातील.

गेल्या वर्षी इथं गौरीच्या हळदीकुंकवाला तू वीस बायकांसमोर म्हणालीस की अनूनं बाही उलटी लावलीय, पुढची मागं आणि मागची पुढं. मी म्हणाले, फॅशन आहे. तू म्हणालीस, "फॅशन न्हाई, डोळे तपास." मग मी काय बोलले ते मी इथं लिहीत नाही, तुला पाठ असेल. तू हातातला पुरणाचा घास ताटात ठेवलास, पिशवी भरलीस आणि संध्याकाळच्या गाडीनं दौंडला गेलीस. त्या दिवशी मी मनात ठरवलं की पुढच्या दिवाळीला आणि इंद्रजीतच्या कार्यात जे जे अंगावर घालीन ते माझ्या हातचं असेल. दुकानातलं एक सूतही नाही. दसरा ते साखरपुडा पाच कपडे शिवायचे, आणि तू आलीस की तुझ्यासमोरून हळूहळू चालत जायचं, बाह्या दिसतील अशा.

पण नमुने कुठले घ्यायचे? इंद्रजीतला हे कळलं. तो पुण्याला कॉम्प्युटरवर बसतो, त्याला वाटतं जगातली प्रत्येक गोष्ट त्यात आहे. त्यानं मोबाइलवर परदेशातले शरद ऋतूचे नवे नमुने पाठवले. आक्का, तिकडं शरदात काय काय घालतात! गळ्यापर्यंत बटणं लावलेला लोकरीचा कोट, त्यावर खांद्यावरून सोडायची घोंगडी, खाली गुडघ्यापर्यंत जाड झगा. फोटोतली बाई वाळलेल्या पानांत उभी राहून हसत होती. मी बाहेर बघितलं तर आमच्या दारात कुत्रं सावलीला जीभ काढून पडलं होतं. तरी म्हटलं, पोरानं हौसेनं पाठवलंय, कोटाचा नमुना घेऊ आणि त्याचा गाऊन करू. झेरॉक्सच्या दुकानात गेले. छत्तीस कागद निघाले. घरी येऊन ते जमिनीवर खळीनं जोडले, दुपारभर गुडघ्यांवर होते (आता माझेही दुखतात, पण मी सांगत नाही), आणि जोडून झाल्यावर बघते तर बाही माझ्या मनगटाएवढी. दुकानदारानं सगळं पानात मावावं म्हणून लहान करून छापलं होतं. त्याचंही बरोबर, त्याला सातबारा छापायची सवय.

मग मी मुकाट्यानं आपल्या इशरतकडं गेले. इशरत म्हणजे बाजारपेठेतली फॉल-पिकोवाली. तू मागं तिला काज करायला शिकवलं होतंस, ती अजून तुझं नाव काढते. तिच्या दुकानात नमुन्यांची जाड वही आहे, त्यात ब्लाऊजचे दोनशे गळे आहेत. दोन दिवस मी त्या वहीत होते. शेवटी तिनं माझ्या हातातून वही काढून घेतली आणि म्हणाली, "ताई, गळा कुठलाबी घ्या, डोकं जायाशी मतलब." तसे मग पाच नमुने ठरले. दसऱ्याला साधा चार टक्सचा, पाडव्याला कटोरी, भाऊबिजेला बोटनेक, साखरपुड्याला प्रिन्सेस कट, आणि एक पंजाबी ड्रेस, जो मी घालीन की नाही ते हे कसे बघतात त्यावर ठरेल.

कटिंग वर्तमानपत्रावरच केलं, खाकी कागद मला परका वाटतो. ह्यांचं आणि माझं त्यावरून वाजलं. हे सकाळी चहा घेऊन पेपर उघडतात तर पान पाचला बोटनेक. कांद्याचा भाव नेमका मागच्या गळ्यात गेलेला. चार दिवस हे मार्केट यार्डात जाऊन लोकांना भाव विचारून आले आणि तिथं सांगून आले की आमच्या घरी बातम्या अंगात घालतात.

आता मुख्य गोष्ट. सगळे नमुने मी काढले ते मापाच्या ब्लाऊजवरून. आपल्या दोघींचा मापाचा ब्लाऊज तुला वेगळा सांगायला नको. आईनं केंदूरच्या यात्रेला जाताना घेऊन दिलेलं ते वांगी रंगाचं कापड, एकाच तुकड्यातून तू दोन शिवलेस, एक तुला आणि एक मला, आणि असे बसले की आईच म्हणाली, हे घालू नका, मापाला ठेवा. कापड थोडं कमी पडलं होतं तेव्हा तू माझा अख्खा कापलास आणि तुझ्याला डाव्या काखेत जोड दिलीस. (त्या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही. धाकट्यांना कशाचं काही वाटत नाही.) तेव्हापासून मी तो ब्लाऊज एकदाही अंगात घातला नाही. मापाचा ब्लाऊज कुणी अंगात घालतं का? तो दुहेरी घडी करून कागदावर ठेवायचा, उजवी बाजू वर, कडेनं पेन्सिल फिरवायची, शिलाईला दोन बोटं सोडायची, आणि परत कपाटात.

तर दसऱ्याचा शिवून झाला. घातला. हुक आणि घर यांच्यात चार बोटं अंतर. श्वास सोडला, पोट आत घेतलं, ह्यांना मागून दोन्ही बाजू ओढायला लावल्या. हे म्हणाले, "पोतं शिवायची सुई आणू का?" मी उसवला, परत शिवला, परत तेवढाच. कटोरी शिवला, तोही तसाच. तेव्हा माझ्या लक्षात आलं की शिलाईत खोट नाही, माझ्यात आहे. वर्षभरात मी सुटलेय. तू लहानपणापासून काडी आणि मी भरलेली हे गावाला माहीत आहे, पण एवढी? चहातली साखर बंद केली. भात बंद केला. पहाटे नदीकडच्या रस्त्यानं चालायला लागले. तीन आठवडे झाले तरी बोटनेक सुद्धा होईना. ह्यांच्या ओळखीच्या आडत्याकडं जाऊन पोत्याच्या काट्यावर उभी राहिले, तर वजन गेल्या वर्षीएवढंच निघालं, किलोभर कमीच. मी त्याला सांगितलं की तुमचा काटा बिघडलाय. तो बिचारा हो म्हणाला, माझ्यामागं कांदेवाले उभे होते. हे म्हणाले, तुझे जुने ब्लाऊज तर नीट बसतात. मी म्हटलं, जुनं कापड धुऊन धुऊन सैल पडतं.

आणि परवा रुपाली सांगते की तुझेही जुने नीट बसतात, पण तू म्हणतेस जुनं कापड धुऊन आटतं. आक्का, मी रडता रडता हसले. तू तिकडं दौंडला झिजतेस आणि मी इथं शिरूरला फुगतेय, जणू तुझं अंग कुणी एसटीत घालून माझ्याकडं पाठवतंय. पण हसू टिकलं नाही. वर्षभर मी तुझ्यावर रुसून बसले आणि त्या वर्षात तू अशी होत होतीस, हे मला खातंय. खात जा. दूध घे. साड्यांचं कपाट बंद ठेव, किल्ली रुपालीकडं दे. तुला काही होणार नाही असं मी म्हणते, पण मी कोण, मला तर बाहीसुद्धा सरळ लावता येत नाही.

दाजींच्या गोळ्या वेळेवर द्यायला सांग. मोठ्यांना नमस्कार, लहानांना गोड पापे.

तुझी,
अनू

ता. क. लाजत लिहिते. पाचही कपडे मला होत नाहीत आणि साखरपुडा जवळ आला. हात चालत असेल तर एक प्रिन्सेस कट तूच शिवशील का? बाजारात कुणालाही टाकता येईल, पण मला तुझ्या हातचा हवा, आणि तुझ्याही हाताला साड्या वाटण्यापेक्षा दुसरं काम लागेल. सोबत कापड आणि माझा मापाचा ब्लाऊज पाठवते. उद्या सकाळच्या दौंड गाडीच्या कंडक्टरकडं देईन. रुपालीला स्टँडवर पाठव.

ता. क. दुसरा. खाली बस. पाणी जवळ घे, मग वाच. आत्ता तो ब्लाऊज पिशवीत घालायच्या आधी खडू झटकावा म्हणून उलटा केला, पहिल्यांदाच, दोन्ही बाजूंनी. डाव्या काखेत जोड आहे. आक्का, हा तुझा आहे. त्या गौरीला तू तुझा मापाचा इथं शिवायला म्हणून आणला होतास, आणि रागारागात पिशवी भरताना माझा घेऊन गेलीस, तुझा इथं राहिला. तू वर्षभर माझ्या मापानं शिवतेस, मग लोंबणार नाहीत तर काय होईल? तू झिजली नाहीस, मी फुगले नाही. आपण दोघी गाढव आहोत, आणि तुझ्या डॉक्टरांचं आणि माझ्या त्या आडत्याच्या काट्याचं बरोबर आहे. खात्री हवी असेल तर कपाटातला मापाचा काढ आणि उलटा करून काख बघ, जोड नसेल. हे मला दारातून विचारतायत की रडतेस का हसतेस. मी सांगितलं, साखर आणा, चहा ठेवते.

ता. क. तिसरा. आता ब्लाऊज कंडक्टरकडं देत नाही. तू स्वतः ये आणि माझा घेऊन ये. दाजींनाही आण. इथं तुझ्या मापाचे चार ब्लाऊज नवेकोरे तयार आहेत, पंजाबी ड्रेसही आहे. तू घातलास तर दाजी कसे बघतात ते आम्हाला कळव. तुझे ते चार सैल मला होतील, ते आण. आणि हिरव्या पैठणीचं जे बोललीस ते बोललीस, तब्येत चांगली निघाली म्हणून शब्द मागं घ्यायचा नाही. साखरपुड्याला मी तीच नेसणार. तिच्यावरचा ब्लाऊज तुझ्यासमोर बसून मीच शिवते, कापड कापते, टक्स घालते, हुक लावते. बाही तेवढी तू लाव. ती गेल्या वर्षी खरंच उलटी होती.